मन मोठं कशानं होतं?

दुपारची भांडी आवरून बसला असाल. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी शेळ्यांमागं रानात असेल. आज बचतीचा, कर्जाचा, हप्त्याचा विषय नाही. आज मनाचा विषय आहे. पण शेवटी तो आपल्या गटाच्या नोंदवहीपाशीच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

"आमचं मन मोठं आहे, आम्ही भेदभाव मानत नाही," असं आपण सगळ्याच म्हणतो. खोटं बोलतो असंही नाही, आपल्याला तसं खरंच वाटत असतं. पण आपल्यासारख्याच बायकांमध्ये बसून मन मोठं आहे की लहान, हे कळायचं कसं? घरच्या मापानं मापलं की सगळं बरोबरच भरतं. आपल्याहून वेगळं खाणारी, वेगळं नेसणारी, वेगळ्या देवाला हात जोडणारी बाई शेजारी येऊन बसते, तेव्हा खरं माप लागतं. आमचं माप कसं लागलं, आम्ही कुठं पास झालो आणि कुठं नापास, ते आज सांगायचं आहे.

शेजारचा स्टॉल

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गटाला मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळाला होता. सरस म्हणजे वांद्र्याला भरणारं बचत गटांचं मोठं प्रदर्शन. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून गट येतात, आणि दुसऱ्या राज्यांतलेही येतात. आम्ही पाच जणी गेलो. बरोबर शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, कडक भाकरी आणि काळा मसाला. पाचांतल्या तिघींनी मुंबई पहिल्यांदाच पाहिली.

शेजारी मेघालयातल्या दोन बायका होत्या. खासी समाजाच्या. साडी नाही, दोन्ही खांद्यांवर गाठवलेली दोन लांब कापडं. त्याला जैनसेम म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांच्याकडं हळद, मध आणि काही बरण्या होत्या. दुपारी जेवताना त्यांनी त्यातली एक बरणी उघडली आणि वास सुटला. आमच्यातल्या एकीनं सरळ पदर नाकाला लावला. दुसरी म्हणाली, "हे काय सडवून आणलंय?" त्यांना मराठी येत नव्हतं, पण नाकाला लावलेला पदर कुठल्याही भाषेत कळतो.

आम्ही काय केलं सांगू? व्यवस्था पाहणाऱ्यांकडं गेलो आणि म्हणालो, "आमचा स्टॉल बदला, या वासानं गिऱ्हाईक थांबत नाही." दुसरी जागा शिल्लक नव्हती, म्हणून आम्ही तिथंच राहिलो. मन मोठं होतं म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली थोरली बाई आमच्याकडं आली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "थोडा देखना, हम नहाके आता." अंघोळीला नंबर लावायचा होता. आमचंही हिंदी तसलंच. आमच्या मावशी म्हणाल्या, "जावा जावा, हम बघता." त्या अर्ध्या तासात त्यांच्या स्टॉलवर चार गिऱ्हाइकं आली. हळद विकायची तर ती कसली आहे, हे सांगायला नको का? मग त्या आल्यावर आम्ही विचारून घेतलं. ही लाकाडोंगची हळद, जैंतिया डोंगरातली. रंगाला गडद, आणि हळदीला जो पिवळा रंग आणतो तो घटक, कुर्क्युमिन, तिच्यात बाकीच्या बहुतेक हळदींपेक्षा बराच जास्त. आम्ही सांगलीच्या हळदीचं कौतुक करणाऱ्या बाया दुपारपर्यंत लाकाडोंगचं कौतुक करत होतो. आणि आम्ही जेवायला गेलो की त्या दोघी गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "ये कम तीखा, ये बहुत तीखा."

मग त्या बरणीचाही खुलासा झाला. तिच्यात होतं तुंगरिम्बाई. म्हणजे काय, तर सोयाबीन! शिजवलेलं सोयाबीन पानांत गुंडाळायचं, टोपलीत घालून चुलीजवळ उबेला तीन-चार दिवस ठेवायचं, आंबलं की कुटायचं, आणि काळे तीळ, कांदा, आलं घालून शिजवायचं. मैत्रिणींनो, आमच्या धाराशिव-लातूर पट्ट्यात पावसाळ्यात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. पेरायचं, काढायचं, बाजार समितीत घालायचं. त्याचा भाव पडला की आमच्या घरात रडारड. पण ते ताटात आम्ही जवळजवळ कधी घेतलं नाही. आणि दोन दिवसांच्या प्रवासापलीकडच्या बायका ते पिढ्यान् पिढ्या खात होत्या. आम्ही ज्याला सडकं म्हणालो ते आमच्याच रानातलं पीक होतं.

आंबवणं आपल्यालाही नवीन नाही. आपली आंबील काय असते? आपलं ताक काय असतं? आम्ही प्रेमानं त्यांना ताक दिलं, तर धाकट्या बाईनं एक घोट घेऊन असं तोंड केलं की आम्ही पाचही जणी हसलो. त्या भागात दुधदुभत्याची चाल पूर्वी फारशी नव्हती. तिला ताकाचा वास तसाच आला, जसा आम्हाला तुंगरिम्बाईचा आला. त्या हसण्यात आम्हाला आमचा कालचा पदर आठवला.

माळ काढावी लागत नाही

इथं एक गैरसमज काढून टाकू या. वेगळ्या माणसांत मिसळायचं म्हणजे त्यांचं सगळं खायचं, त्यांचं सगळं बरोबर म्हणायचं, आपलं सोडून द्यायचं, असं बऱ्याच जणींना वाटतं. आणि म्हणून भीती वाटते. आमच्या मावशी माळकरी आहेत. तुंगरिम्बाई पुष्कळदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मावशींनी ते खाल्लं नाही. पण त्या शेजारी बसल्या, नाकाला पदर न लावता. खासी बाईनं गळ्यातली माळ दाखवून विचारलं, "ये क्या?" मावशींनी पंढरपूर, वारी, तुळस सगळं सांगितलं. त्या बाईनं मग जेवताना आपली ताटली थोडी बाजूला घेतली. दोघींनी एकमेकींची अडचण ओळखली, बस्स. मावशींची माळ गळ्यातच राहिली.

जेवणानंतर त्या बाईनं पिशवीतून सुपारी आणि चुना लावलेलं पान काढून आमच्यापुढं धरलं. त्याला त्या क्वाई म्हणतात. पाहुणा घरी आला की आधी क्वाई. आमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं पान-सुपारी!" इतक्या लांबची माणसं, पण मान देण्याची रीत ओळखीची निघाली.

भाषेचंही तसंच. खासी भाषा हिंदीच्या कुळातली नाही, मराठीच्याही नाही. पण आपल्या मेळघाटात कोरकू लोक आहेत ना, त्यांची कोरकू भाषा आणि खासी या एकाच मोठ्या भाषाकुळात मोडतात. म्हणजे ज्यांना आम्ही परक्या म्हणत होतो, त्यांचं भाषेचं नातं आपल्याच राज्यातल्या डोंगराशी आहे.

कुणाच्या नावावर काय

पण सारखेपणा बघून खूश होणं सोपं असतं. वेगळेपणानं आम्हाला जास्त शिकवलं.

रात्री मुक्कामाच्या हॉलमध्ये पथारी टाकल्यावर गप्पा निघाल्या. थोरल्या बाईनं विचारलं, "तुम्हारा घर किसका नाम पे?" आम्ही एकमेकींकडं पाहिलं. पाच जणींत एकीच्याही नावावर घर नव्हतं. सातबारावर नाव फक्त एकीचं, तेही नवरा गेल्यावर लागलेलं. ती म्हणाली, त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. मुलं आईचं कूळ लावतात. घरचा ठेवा सगळ्यांत धाकट्या मुलीकडं जातो, आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायचं, घरचे विधी करायचे, भावंडांना अडीअडचणीला आसरा द्यायचा, हेही तिच्याकडंच. तिला मनाला येईल तसं ते विकता येत नाही. आणि एका कुळात लग्न होत नाही, आपल्यात एक देवक असलं की होत नाही, तसंच.

आमच्यातली एक झोपेतून उठल्यासारखी म्हणाली, "म्हणजे मुलगी परक्याचं धन, ही काही देवाघरची रीत नाही तर!" मैत्रिणींनो, भाषणात आम्ही हे शंभरदा ऐकलं होतं. पण जिच्या घरात खरोखरच उलट चालतं, अशी बाई समोर मांडी घालून बसलेली असली की ते पोटात उतरतं. जी गोष्ट आपण जगाची रीत समजतो, ती आपल्या गावाची रीत असते. माणसांनी घातलेली असते, आणि माणसांना बदलता येते. आपल्याकडंही बदल झालेलाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. कायदा आला, पण आम्ही हक्कसोड पत्रावर सह्या करत राहिलो.

मग आम्हाला वाटलं, यांचं सगळंच चांगलं. तीही चूकच होती. आम्ही विचारलं, "मग तुमच्या गावात सरपंच बाईच असेल?" त्या दोघी हसल्या. त्यांच्या गावची पारंपरिक सभा असते, तिला दोरबार म्हणतात. परंपरेनं तिथं पुरुषच बसत आले आहेत. आपल्यासारखं पंचायतीचं आरक्षण मेघालयात नाही, कारण पंचायतीसाठी जी घटनादुरुस्ती झाली ती तिथं लागू नाही. आपल्याकडं महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, आणि आमच्या गावची सरपंच बाई आहे, हे ऐकून त्या उठूनच बसल्या. मग आम्हीही कबूल केलं, की पुष्कळ ठिकाणी सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा असतो.

बघा, त्यांच्याकडं मिळकत आहे पण सभेत जागा नाही. आमच्याकडं सभेत जागा आहे पण मिळकत नाही. दुसऱ्याला कमी लेखणं हे जसं मन मोठं नसल्याचं लक्षण, तसंच दुसऱ्याला डोक्यावर घेऊन नाचणं हेही. दोन्हीत आपण त्या माणसाला नीट बघतच नाही. आणि "खासी बायका अशाच असतात" असं म्हणायचीही सोय राहिली नाही. त्या दोघींतली एक ख्रिस्ती होती, दुसरी खासींचा जुना धर्म पाळणारी. दोघींचे स्वभाव तर बाजरी आणि गव्हाइतके वेगळे.

नुसत्या भेटीनं होत नाही

परत येताना गाडीत आम्ही विचार करत होतो, हे झालं कशानं? मुंबईत तर रोज हजारो वेगवेगळी माणसं एकमेकांना घासून जातात. सगळ्यांची मनं मोठी होतात का? आमच्या भागातले लोक ऊसतोडीला परराज्यात जातात, सहा-सहा महिने राहतात. तिथल्या लोकांशी त्यांचं नातं होतंच असं नाही. मग आमचंच कसं जमलं?

या प्रश्नावर अभ्यासकांनी पुष्कळ काम केलं आहे. अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५४ साली लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं, की दोन गटांतली माणसं नुसती भेटल्यानं पूर्वग्रह जात नाही. त्याला चार गोष्टी लागतात. एक, त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा. दोन, दोघांना मिळवायचं एकच काहीतरी हवं. तीन, ते मिळवायला एकमेकांची मदत लागली पाहिजे. आणि चार, वरच्या लोकांचा, नियमांचा त्याला पाठिंबा हवा.

आता सरसचा स्टॉल बघा. दोन्ही गट बचत गटाचे, दोघांचं टेबल सारखं, दोघांचं हिंदी सारखंच मोडकं. कुणी कुणाच्या बोलण्याला हसायचं? दोघांनाही माल खपवायचा होता. अंघोळीला जायचं तर शेजारणीची गरज होती. आणि प्रदर्शन सरकारचंच, सगळ्यांना जागा देणारं. चारही गोष्टी आपसूक जुळल्या होत्या.

आपल्या देशातलंही एक उदाहरण आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मॅट लो नावाच्या अर्थतज्ज्ञानं वेगवेगळ्या जातींच्या बाराशेवर तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिसळ. पुढं काय दिसलं? जे दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले, त्यांच्या जातीबाहेर मैत्र्या वाढल्या. आणि जे दुसऱ्या जातीच्या मुलांशी समोरासमोर, विरुद्ध खेळले, त्यांच्यात तो फायदा दिसला नाही, उलट दुरावाच वाढल्याचं दिसलं. भेट दोघांचीही झाली होती. फरक इतकाच, की एक एका बाजूनं खेळला, दुसरा विरुद्ध बाजूनं.

आपल्या मराठी माणसांनाही हे ठाऊक होतं. साने गुरुजी १९३० च्या सत्याग्रहात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथं दक्षिणेतल्या वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र, सगळे कैदी, सगळ्यांचं ताट एक, लढा एक. तिथं त्यांनी दुसऱ्यांच्या भाषा ऐकल्या, आणि पुढं आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांतातल्या माणसानं दुसऱ्या प्रांताची भाषा, रीत, साहित्य शिकावं, ही ती कल्पना.

ओढ्यापलीकडं

गावी आल्यावर आमचं मोठं स्वागत झालं. ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही मोबाइलवरचे फोटो दाखवले. "या आमच्या खासी बहिणी," असं छाती फुगवून सांगितलं. सगळ्या कौतुकानं बघत होत्या. तेव्हा आमच्या त्याच माळकरी मावशी म्हणाल्या, "हजार कोसांवरची बहीण झाली ती चांगलंच झालं. पण ओढ्यापलीकडच्या बाईचं काय?"

बैठक गप्प झाली.

आता ते सांगावंच लागेल. ओढ्यापलीकडं पारधी वस्ती आहे. दोन वर्षांपूर्वी तिथली एक बाई आमच्या गटाच्या बैठकीला आली होती. हातात बचतीचे शंभर रुपये होते. म्हणाली, "मला गटात घ्या." आम्ही अकरा जणी होतो. गटात वीसपर्यंत घेता येतात, हे आम्हाला पाठ आहे. तरी आम्ही तिला सांगितलं, "जागा नाही." आणि त्या दिवसाच्या इतिवृत्तात तसंच लिहिलं, "जागा नसल्याने नवीन सदस्य घेतला नाही." लिहिणारा हात आमचाच. गटाला पंचसूत्री शिकवणारा, हिशेब खरा ठेवा म्हणून सांगणारा.

का केलं? "हप्ता कोण भरणार, आज इथं उद्या तिथं, पोलीस मागं लागले तर?" हेच सगळ्यांच्या मनात होतं. हे मनात आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढं त्यात पारध्यांसारख्या कितीतरी जमाती घातल्या. जन्मलेलं मूलच गुन्हेगार. पोलिसांकडं हजेरी, कुंपणाच्या वसाहती. सोलापुरात त्या वसाहतीच्या जागेला अजून सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. सरकारच्या पुस्तकातून कायदा गेला, आमच्या नोंदवहीत राहिला.

आणखी एक संशोधन इथं सांगण्यासारखं आहे. इराकमध्ये युद्धानं उठवलेल्या ख्रिस्ती तरुणांचे फुटबॉलचे संघ केले, काही संघांत मुस्लिम खेळाडू मिसळले. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. मिसळ संघातले ख्रिस्ती मुलगे मुस्लिम सोबत्यांशी मैदानावर चांगले वागू लागले, नंतरही एकत्र सराव करू लागले. पण मैदानाबाहेर, बाजारात, अनोळखी मुस्लिमांच्या ठिकाणी जायला ते तयार झाले असं काही दिसलं नाही. मैदानावर मोठं झालेलं मन मैदानातच राहिलं. आमचं तेच झालं होतं. वांद्र्याच्या मैदानावर मोठं झालेलं मन आम्ही तिथंच सोडून आलो होतो.

आम्ही तिघी वस्तीवर गेलो. आम्हाला वाटलं, बोलावलं की ती आनंदानं येईल. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "तेव्हा जागा नव्हती. आता कशी झाली? फोटोला बाई पाहिजे का?" याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही माफी मागितली. ती काही बोलली नाही. आम्ही परत आलो.

चौथ्या खेपेला तिनं आत बसवलं. ती आमच्या गटात आली नाही. तिनं वस्तीवरच्या दहा जणी गोळा करून त्यांचा वेगळा गट काढला, आम्ही कागदपत्रांना मदत केली. आमचीच भाषा ती जरा वेगळ्या सुरात बोलते म्हणून गावात तिला हसायचे. त्यांच्या घरची भाषा गुजरातीच्या जवळची आहे, म्हणजे ती बाई दोन भाषा बोलते आणि आम्ही एक, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पुढं चटणीची मोठी मागणी आली, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून करायचं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? त्यांना शेंगा फोडायला बसवलं आणि भाजणं, कुटणं, मीठ-मसाला आमच्याकडं. तिनंच विचारलं, "आमच्या हाताला फक्त टरफलंच का?" बरोबर होतं तिचं. एका कामावर आलो, पण बरोबरीनं नव्हे. ऑलपोर्टची पहिलीच अट आम्ही मोडली होती. दुसऱ्या दिवसापासून कामाची पाळी लावली. सगळ्यांनी सगळं करायचं, मजुरी सारखी, नफ्यात वाटा सारखा.

तेव्हा आमच्या गटातल्या दोघी उठून गेल्या. "त्यांच्या हातची चटणी आमच्या नावानं विकायची?" म्हणाल्या. आम्ही समजावलं. त्या थांबल्या नाहीत. एक पुढच्या वर्षी परत आली, दुसरी अजून बोलत नाही. जुन्या मैत्रिणी होत्या. वाईट वाटतं, अजूनही. पण त्यांना राखायचं म्हणून ओढ्यापलीकडच्या दहा जणींना पुन्हा टरफलाला बसवायचं, हे आमच्यानं झालं नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. आम्ही एकत्र काम करतो, एकत्र चहा पितो. पण अजून एकमेकींच्या घरच्या लग्नाला गेलेलो नाही. तेवढं मन अजून व्हायचं आहे.

तुमच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्या बैठकीत बोलायला सोपं पडावं म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. सहल काढून, दुसऱ्यांची वस्ती बघून, फोटो काढून मन मोठं होत नाही. एखादं काम एकत्र काढा, ज्यात दोघांनाही एकमेकांची गरज लागेल. मसाला असो, रोपवाटिका असो, पाण्याच्या टाकीचा अर्ज असो.

दुसरी. कामात दर्जा सारखा ठेवा. बैठकीत कोण सतरंजीवर, कोण दाराशी? चहा कुणाला कशात? मजुरी, वाटा, सही, हे सगळं एकदा नीट बघा.

तिसरी. समोरच्या बाईला उपदेश करायच्या आधी तिला प्रश्न विचारा, आणि तिचे प्रश्न ऐकून घ्या. "तुमच्यात असं का?" हा प्रश्न तिनं आपल्याला विचारला आणि आपल्याला उत्तर आलं नाही, की समजायचं, आपण काहीतरी नुसतं चालत आलं म्हणून करतोय.

चौथी. एका बाईवरून सगळ्या समाजाचं ठरवू नका, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. आणि आपलं सगळं सोडावं लागेल अशी भीतीही बाळगू नका. मावशींची माळ आठवा.

पाचवी, आणि सगळ्यांत अवघड. लांबच्या माणसाशी चांगलं वागणं सोपं असतं, तो आठ दिवसांनी निघून जातो. खरी परीक्षा जवळच्या परक्याशी. ऊसतोडीला आलेलं दुसऱ्या जिल्ह्यातलं कुटुंब, वीटभट्टीवरची बिहारची बाई, गल्लीच्या टोकाचं मुस्लिम घर, परराज्यातून लग्न करून आणलेली आणि मराठी न येणारी सून. तुमच्या गावचा ओढा कुठला, तो तुम्हीच ओळखा.

एक काम आजच करा. गटाची जुनी नोंदवही काढा आणि मागच्या चार-पाच वर्षांत कुणाकुणाला गटात घेतलं नाही, आणि कारण काय लिहिलं, ते मोठ्यानं वाचा. आम्ही वाचलं. "जागा नसल्याने" ही ओळ आम्ही खोडली नाही. खोडलं की विसरायला होतं. तिच्याखाली तारीख घालून खरं कारण लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अकरांतल्या दहा सह्या झाल्या. एक जागा मोकळी आहे. ज्या एका मैत्रिणीनं परत आल्यावर सही केली, तिनं आपली सही करताना विचारलं, "तिची जागा ठेवलीय ना?" ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला पुन्हा भेटू. तोवर नमस्कार, आणि आमच्या मेघालयच्या शेजारणी म्हणायच्या तसं, खुब्लेई.